गोवर आधी कुणाकडे आला?

वरसावे म्हटलं की बहुतेकांना अंधेरीचं वर्सोवा आठवतं. समुद्रकिनारा, मासळी, सिनेमावाल्यांचे बंगले. हे ते नव्हे. आमचं वरसावे मीरा-भाईंदरच्या टोकाला आहे. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता जिथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तिथला तो नाका. पुढे वसईच्या खाडीवरचा पूल, मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पुलाचं काम निघालं की टीव्हीवर आमचं नाव येतं, तेही वाहतूक कोंडीच्या बातमीत. महामार्गावरून जाणाऱ्याला लग्नाची लॉन्स आणि हॉटेलं दिसतात. त्यांच्या मागचे पाडे आणि बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या दिसत नाहीत. मलाही पंधरा वर्षं दिसल्या नव्हत्या. मी काशीमीऱ्याला राहते, तिथून शेअर रिक्षाने दहा मिनिटांवर!

त्या खोल्यांपैकी एकीतून ती माझ्याकडे कामाला येते. तिचं नाव लिहीत नाही. ‘काकू, पेपरात नाव नको, पण झालं ते लिवा,’ असं तिनेच सांगितलंय. माहेर मोखाड्याकडचं. नवरा बांधकामावर सळ्या बांधतो. मोठा मुलगा आणि त्याच्या पाठीवर मुलगी. मुलगी झाल्यावर तीन महिन्यांनी ती कामावर परत आली तेव्हा मीच म्हटलं होतं, ‘घेऊन येत जा गं तिला. हॉलमध्ये गोधडी टाकू. आमच्या छोट्यालाही सोबत होईल.’

तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. शनिवारी, पाच तारखेला, माझ्या नातवाला ताप भरला. पावणेतीन वर्षांचं पोर. नाक गळतंय, खोकला, डोळे लाल. दिवाळीत गारेगार खाल्लं, फटाक्यांचा धूर गेला, असं आपण म्हणतो तेच मी म्हटलं. मुलगा-सून दोघं नोकरीला, घरी मी आणि हे. सोमवारी ती नेहमीसारखी आली. पोरीला गोधडीवर ठेवलं. नातू तापानं किरकिरत तिच्या शेजारीच लोळत होता. त्याने आपला खुळखुळा तिच्या हातात दिला, तिने तो तोंडात घातला. मी त्या दोघांचा फोटोही काढला. तो अजून फोनमध्ये आहे. पुसायचं धाडस होत नाही.

बुधवारी सकाळी नातवाच्या कानामागे, मग कपाळावर, मग अंगभर लालसर पुरळ. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून गालाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला आणि सुनेला विचारलं, ‘गोवराची लस झालीय ना? कार्ड आणलंय?’

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

कार्ड घरी होतं, कपाटाच्या कप्प्यात, वॉरंटीच्या कागदांखाली. नातू जानेवारी २०२० चा. जन्माबरोबरच्या लशी वेळेवर झाल्या. मग मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस मागेपुढे होत जुलैपर्यंत कसेबसे झाले. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस ऑक्टोबरात यायचा. तेव्हा सून करोनातून नुकती उठली होती, आमचे नेहमीचे डॉक्टर दवाखाना बंद करून बसले होते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं. तो पुढचा महिना आलाच नाही. सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा डोस तर कुणाच्या लक्षातही नव्हता. त्या कार्डावर दोन चौकोन कोरे होते.

मैत्रिणींनो, माझी लाज इथून सुरू होते. मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांना करोनाची लस सुरू झाली, तेव्हा मी फोन घेऊन नोंदणीसाठी बसले होते. दोन्ही डोस दिलेल्या दिवशी घेतले. प्रमाणपत्राचा फोटो नातेवाइकांना पाठवला. आणि ज्या घरात आजी-आजोबा, आई-बाबा सगळे लस घेऊन सुरक्षित झाले, त्याच घरात सगळ्यात लहान माणूस तसंच राहिलं. आम्ही अशिक्षित नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. लशीला आमचा विरोधही नव्हता. आम्ही फक्त विसरलो.

नातवाचं दुखणं आठ-दहा दिवसांत निवळलं. डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दिला, दुसऱ्या दिवशी परत दिला. गोवरात हे जीवनसत्त्व अंगातून झपाट्याने कमी होतं आणि डोळ्यांवर बेततं, हे मला तेव्हा कळलं. तिला मी त्या बुधवारीच फोन केला होता, ‘पोरीला काही दिवस आणू नकोस गं.’ उशीर झाला होता. गोवराचा रोगी पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच दुसऱ्याला रोग देत असतो. त्याचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस नसलेली, पूर्वी गोवर न झालेली दहा माणसं रोग्याच्या जवळपास आली, तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. आणि तिची पोर तर त्याच गोधडीवर होती.

सतरा तारखेला तिचा फोन आला. ‘काकू, पोरीचं अंग तापलंय. डोळं उघडत न्हाई.’

ती सात महिन्यांची होती. लस राहून गेली असं तिच्याबाबतीत म्हणताच येत नाही, कारण तिची वेळच आली नव्हती. आईकडून मिळालेलं संरक्षण पहिले काही महिने बाळाच्या रक्तात असतं. लस लवकर दिली तर ते संरक्षण तिलाच निकामी करतं. म्हणून नवव्या महिन्याची वाट बघतात. पण अनेक बाळांमध्ये ते आईचं संरक्षण सहाव्या-सातव्या महिन्यातच ओसरलेलं असतं. मधले हे महिने बाळ उघड्यावर असतं. त्या काळात त्याला वाचवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे आजूबाजूच्या मोठ्या मुलांनी लस घेतलेली असणं. गोवराच्या बाबतीत शंभरातल्या पंच्याण्णवांनी दोन्ही डोस घेतले, तरच विषाणूची वाट अडते. म्हणजे त्या पोरीचं कुंपण माझा नातू होता. आणि ते कुंपण आम्ही लावलंच नव्हतं.

पुरळ उठल्यावर शेजारणींनी कडुलिंबाचा पाला आणून दिला. ‘बाहेर पडू दे, औषध देऊ नको, आत जिरेल,’ म्हणाल्या. मी हसणार नाही. माझी आई हेच म्हणायची. माझ्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत आणि तरीही आमच्या घरी श्रावणात शीतला सप्तमी व्हायची. ज्या रोगावर माणसाचा इलाज नव्हता, त्याला माणसाने देवी म्हटलं, तिला थंड राहा अशी विनवणी केली. पण तिने एक दिवसच वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पोर धापा टाकायला लागली, तशी पाल्यासकट तिला उचलून रिक्षात बसली. न्यूमोनिया झाला होता. वरून जुलाब. अकरा दिवस सरकारी रुग्णालयात काढले. नाकाला प्राणवायूची नळी. त्या वेळी मुंबईत गोवंडीपासून भिवंडी-मालेगावपर्यंत गोवराची साथ होती, मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मी पेपर उलटा घडी करून ठेवायची.

याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा रंगली. ‘कामवाल्या बायका झोपडपट्टीतून रोग आणतात.’ ‘वॉचमनने त्यांच्या मुलांना आत सोडू नये.’ ‘तुमच्या नातवाला तिच्याच बाळाकडून आला असणार.’ मी ते सगळं वाचलं आणि गप्प बसले. एक दिवस नाही, चार दिवस. कारण आतून मलाही तसंच वाटत होतं. वाटणं सोयीचं होतं.

आणि ती? रुग्णालयात भेटायला गेले तर माझे हात धरून म्हणाली, ‘काकू, माफ करा. आमच्या वस्तीतनंच तुमच्या बाळाला गेला असंल.’

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी आल्या. गोवराचा रोगी सापडला की त्याच्या आजूबाजूची घरं तपासतात. त्यांनी वही उघडली. तुमच्या नातवाला ताप कधी आला? पाच तारखेला. पुरळ? नऊला. तिच्या मुलीला ताप? सतराला. सिस्टरनी बोटांवर मोजलं, पाच ते सतरा, बारा दिवस. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. ‘आजी,’ त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘आधी तुमच्याकडे आला. मग तिच्याकडे गेला.’

‘आणि तिचा मोठा मुलगा? तोही त्याच खोलीत झोपतो,’ मी विचारलं. एवढं तरी आमच्याविरुद्ध नसावं, असं वाटलं असेल मला.

‘त्याला काही झालं नाही. त्याचे दोन्ही डोस झालेत. मी बघून आले कार्ड.’

ते कार्ड नंतर मीही पाहिलं. रेशनकार्डाबरोबर दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून, छताच्या वाशाला टांगलेलं. पावसात खोली गळते म्हणून. एकही चौकोन कोरा नव्हता. चार दिवसांचा मुलगा घेऊन ती मोखाड्याहून परत आली होती, तरी नाही. टाळेबंदीत लोक गावाकडे चालत निघाले तेव्हाही ती ती पिशवी घेऊन गेली, तिकडच्या उपकेंद्रात डोस दिला आणि परत आली. मी विचारलं, ‘कसं गं लक्षात ठेवलंस?’ तर म्हणाली, ‘मला वाचता येत न्हाई ना काकू. मग दर वेळी नर्सबाईला इचारते, आता कधी? अन् त्या महिन्याला कॅलेंडरवर कुंकू लावते.’

आम्हाला वाचता येत होतं, म्हणून आम्ही विचारलं नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की रोग आमच्या घरातून तिच्या घरी गेला, आमच्या नातवाची लस चुकली होती. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने मला स्वतंत्र निरोप पाठवला, ‘काकू, आमच्या मुलीचाही दुसरा डोस राहिलाय. आता देता येईल का?’ सकाळपर्यंत तसे पाच निरोप आले. सात मजल्यांच्या एका इमारतीत पाच.

रोगराईत दोष खालच्या घराला देणं जुनंच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीत प्लेग सापडला. ज्यांना शक्य होतं ते लाखो लोक शहर सोडून गेले आणि घाण, गर्दी, गरिबी यांच्यावर खापर फुटलं. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं होतं. त्यांनी आधी कुणाकडून आला असं विचारलं नव्हतं. त्याच वर्षी पुण्यात सोजिरांनी घरात शिरून जबरदस्तीने तपासण्या केल्या. त्याचा एवढा संताप उसळला की लोक रोगी लपवायला लागले. बंदुकीच्या धाकाने साथ आटोक्यात येत नाही, हे तेव्हा दिसलं.

मग काय केल्याने येते? हे मी वरसाव्यात पाहिलं. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये राज्यात गोवराची विशेष मोहीम झाली, राहिलेल्या मुलांना शोधून डोस देण्याची. साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यावा, असा निर्णय केंद्राने नोव्हेंबरच्या अखेरीस घेतला होता. तो आला तेव्हा आमची पोर प्राणवायूवर होती. मी सिस्टरना म्हटलं, ‘मला बरोबर न्या. निदान वहीत नावं तरी लिहीन.’

सिस्टरच्या खांद्याला लशीचा निळा डबा, आत बर्फाच्या चार पट्ट्या. गोवराची लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. पूड द्रवात मिसळली की कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली फेकून द्यायची. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला की ती लस वापरायची नाही. ‘तुम्हीही बघायला मागू शकता,’ सिस्टर बायकांना सांगत होत्या. ‘भाजी घेताना बघता ना उलटून?’

पहिल्या दिवशी सकाळी अकराला गेलो. अर्ध्या खोल्यांना कुलूप. एक बाई भेटली, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. ‘टोचलं की ताप येतो. पोर रात्रभर रडतं. दुसऱ्या दिवशी माझा खाडा होतो. पैसे तुम्ही देणार?’

मी शिक्षिकेच्या थाटात लशीचं महत्त्व सांगायला लागले. सिस्टरनी मला हळूच थांबवलं. त्यांनी बाईला विचारलं, ‘सुट्टी कधी असते तुमची?’

‘रोज पगार मिळतो. सुट्टी कसली? बुधवारी माल येत नाही, तेवढंच अर्धा दिवस.’

‘मग मी मंगळवारी संध्याकाळी येते. सहाला. ताप आला तर बुधवारी घरी असाल. तापाचं औषध देऊन ठेवते.’

एवढंच! त्या मंगळवारी तिथल्या मंदिराच्या पारावर बावीस मुलं आली. आशाताईंनी आधी दोन दिवस घरोघर फिरून सांगितलं होतं. टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवलं. कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो, परत कधी यायचं आणि कार्ड जपा, या चार गोष्टी सिस्टर बाविसाव्या आईलाही तितक्याच शांतपणे सांगत होत्या. ज्यांची कार्डं हरवली त्यांना नवी करून दिली. जी कुटुंबं होळीला गावी जाणार होती त्यांना सांगितलं, हेच कार्ड कुठल्याही गावच्या केंद्रात चालतं.

लस नाकारणं म्हणजे अज्ञान, असं मी आजवर समजत होते. त्या पारावर मला एकही अडाणी आई भेटली नाही. खाडा परवडत नसलेल्या भेटल्या. पोलिओ असाच गेला. १९९५ पासून नाक्यावर, स्टेशनात, वीटभट्टीवर जाऊन बायका थेंब पाजत राहिल्या, पोरांच्या करंगळीला शाई लावत राहिल्या. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मुलं केंद्रात आली नाहीत, तर केंद्र मुलांकडे गेलं.

म्हणून एक विनंती. आज कपाटातला तो कप्पा उघडा. गोवर-रुबेलाचे दोन डोस लागतात, पहिला नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिले असतील तर पाचव्या वाढदिवसापर्यंत सरकारी केंद्रात मोफत भरून काढता येतात. यातला रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला घालतो. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणीचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस हमखास विसरली जाते, तीही बघा. सर्दी किंवा किरकोळ ताप असला म्हणून डोस पुढे ढकलू नका, आधी सिस्टरना विचारा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला विचारा, मुलाच्या डोसची तारीख कधी आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिला भरपगारी सुट्टी द्या. माझ्या मते हेही लसीकरणच आहे.

मी तिची माफी मागितली. नीट, बसवून, समोर चहा ठेवून. तिने ऐकून घेतलं. ‘असू दे काकू’ म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुमच्या बाळाचा आता दुसरा डोस कधी?’ मी तारीख सांगितली. तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्वतः कुंकू लावलं.

गोवर गेल्यावरही तो पुष्कळ दिवस मागे रेंगाळतो. इतर रोगांशी लढायला शरीर जे शिकलेलं असतं, त्याची पाटी तो बरीचशी पुसून टाकतो. पोरीला पुढचं वर्षभर सतत खोकला, ताप, कान वाहणं चालू होतं. वजन वाढायला वेळ लागला. आता ती बालवाडीत जाते, खूप बडबडते, माझ्या नातवाला दमात घेते. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, कान वाहण्यामुळे झालं असावं, पुढे उपचार करता येतील. बाईंनी तिला वर्गात पहिल्या ओळीत बसवलंय.

उजवीकडून हाक मारली की ती लगेच वळते. डावीकडून मारायची तर जवळ जावं लागतं. मी जवळ जाते.